टीव्ही स्वस्तात घ्यायचा तर आधी घरची भिंत मोजा

दुकानात उभं राहून घासाघीस केली तर टीव्हीमागे हजार-दोन हजार सुटतात. त्याहून मोठी रक्कम घरी बसून वाचते, दुकानाची पायरी चढण्याआधी. गेली काही वर्षं नात्यातली, शेजारची, ऑफिसातली मंडळी टीव्ही घ्यायला निघाली की मला सोबत नेतात. लॅमिंग्टन रोडपासून ठाण्यापर्यंत बरीच दुकानं त्या निमित्ताने पालथी घातली. कुणाचे पैसे वाचले, कुणाचे गेले, ते जवळून पाहिलं. पहिल्यांदाच टीव्ही घेणाऱ्या माणसाला मी जे आणि ज्या क्रमाने सांगतो, ते इथे लिहितो.

पहिलं काम: टेप घ्या आणि भिंत मोजा

टीव्हीचा इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. रुंदी त्याहून कमी असते. ४३ इंची टीव्ही साधारण साडेसदतीस इंच रुंद, ५० इंची साडेत्रेचाळीस, ५५ इंची अठ्ठेचाळीस आणि ६५ इंची जवळपास सत्तावन्न इंच. भिंतीवर त्या मापाची वर्तमानपत्रं चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. कपाटाचं दार त्याला लागतं का, देवघर किती जवळ येतं, खिडकीतलं ऊन संध्याकाळी नेमकं त्याच्यावर पडतं का, सगळं आपोआप दिसेल.

मग बसायच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. ४के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांच्या (पिक्सेलच्या) टीव्हीसाठी ढोबळ हिशेब असा: पडद्याचे जेवढे इंच, त्याच्या सव्वा ते दीडपट इंचांवर बसावं. म्हणजे ४३ इंचीला साडेचार ते साडेपाच फूट, ५५ इंचीला पावणेसहा ते सात फूट. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सोफा आणि भिंत यांच्यात सात-आठ फूट सहसा निघतात, म्हणजे ५० किंवा ५५ इंच छान बसतो. दहा बाय दहाच्या खोलीत पलंगावरून बघणार असाल तर ४३ इंच पुरतो, आणि तिथेच मोठी रक्कम वाचते.

पण ह्या हिशेबाला एक पोटहिशेब आहे. घरात दिवसभर केबलवरच्या साध्या, एचडी नसलेल्या वाहिन्या लागत असतील तर जवळून मोठ्या पडद्यावर चित्र फुटलेलं दिसतं. आईबाबा रोज तेच बघणार असतील तर एक माप लहान घ्या, किंवा उरलेल्या पैशात केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घ्या. डोळ्यांना फरक त्या बॉक्सनेच जास्त जाणवेल.

भिंत कशाची आहे तेही बघा. जुन्या चाळीतली जाड विटांची भिंत टीव्ही आरामात पेलते. नव्या टॉवरमधल्या खोल्यांमध्ये जिप्समचं पोकळ पार्टिशन असतं, त्यावर बोटाने टकटक केलं की डबडब आवाज येतो. तिथे साधा खिळा-स्क्रू धरत नाही, वेगळे अँकर लागतात. आणि पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही कधीच लावू नका. मागच्या जाळीतून दमट हवा आत जाते. समुद्राजवळच्या वस्तीत खारं वारं असतं, तिथे हे दुप्पट सांभाळावं लागतं.

शेवटचं माप जिन्याचं आणि लिफ्टचं. गिरगावात आमच्या एका वहिनींनी ६५ इंची टीव्ही घेतला. खोका पाच फुटांहून लांब. चाळीच्या लाकडी जिन्याच्या वळणावर तो अडकला. टीव्हीचा खोका आडवा झोपवून न्यायचा नसतो, पॅनेलला, म्हणजे आतल्या पडद्याला, ताण बसून तडा जाऊ शकतो, त्यामुळे खोका आणणाऱ्या माणसांनी तो तिरपा करायला नकार दिला. शेवटी खाली अंगणात खोका उघडून टीव्ही उभा धरून वर नेला, आणि चार माणसांची वेगळी मजुरी गेली. सोसायटीच्या लिफ्टमध्ये माल न्यायच्या वेळा ठरलेल्या असतात, त्याही वॉचमनला आधीच विचारून ठेवा.

दुसरं: घरात कोण कुठून बघणार

मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला दूरदर्शन सुरू झालं तेव्हा चाळीत एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि दारापासून गॅलरीपर्यंत माणसं उभी राहून बघायची. आता घरटी टीव्ही आहे, पण एकाच खोलीत कुणी समोर सोफ्यावर, कुणी बाजूला खाली बसून भाजी निवडत, कुणी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असतं. ह्याचा थेट संबंध पॅनेलशी आहे. एलईडी टीव्हीत मुख्यतः दोन प्रकारची पॅनेलं येतात. आयपीएस बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग थोडा राखाडी दिसतो. व्हीए पॅनेलमध्ये काळा रंग गडद येतो, पण बाजूला सरकलं की चित्र फिकट होतं. तुमच्या घरी सगळे समोर बसून रात्री सिनेमे बघत असतील तर व्हीए, चहूबाजूंनी बघणारं घर असेल तर आयपीएस. दुकानात हे शब्द कुणाला माहीत नसले तरी हरकत नाही. टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभं राहा आणि माणसांच्या चेहऱ्याचे रंग उतरतात का ते बघा.

क्यूएलईडी म्हणजे एलईडीच, पडद्यामागच्या प्रकाशात रंग सुधारणारा थर असलेला. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि खूप असतात आणि ते भागाभागाने मंद होतात, त्यामुळे काळा रंग खूपच सुधारतो. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. चित्र सर्वांत देखणं, किंमतही तशीच. त्यात एकच चित्र तासन्‌तास राहिलं, उदाहरणार्थ बातम्यांच्या वाहिनीची खालची पट्टी, तर तिचा डाग कायमचा उमटायची शक्यता असते. दिवसभर बातम्या लावून ठेवणाऱ्या घराला मी ओएलईडी सुचवत नाही.

तिसरं: कुठल्या शब्दांवर पैसे घालवू नयेत

खोक्यावरचे सगळे शब्द खोटे नसतात, पण काही शब्द पैसे काढण्यापुरतेच असतात.

"४के सपोर्ट" किंवा "४के अपस्केलिंग" असं लिहिलेल्या ३२ इंची टीव्हीचं पॅनेल बहुतेक वेळा एचडी रेडीच, म्हणजे १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचं असतं. खरा ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०. हा आकडा "रेझोल्यूशन" ह्या ओळीत छापलेला असतो, तोच वाचा.

"एचडीआर", म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक जास्त ठळक दाखवायची सोय, हा शब्द आता जवळपास प्रत्येक टीव्हीवर असतो. पण पडद्याची चमक अडीचशे-तीनशे निट्सच्या (निट्स हे चमक मोजायचं एकक) आसपास असेल तर त्याचा उपयोग जाणवत नाही. चमकेचा आकडा कंपनी ठळकपणे छापत नसेल तर त्या शब्दासाठी जास्त पैसे मोजू नका.

रिफ्रेश रेट म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा ताजं होतं तो हर्ट्झमधला आकडा. त्याच्या बाबतीत "मोशन" असा काही शब्द जोडून मोठा आकडा लिहिलेला असला की मूळ पॅनेल किती हर्ट्झचं आहे ते विचारा. मालिका, बातम्या, सिनेमा बघणाऱ्याला ६० हर्ट्झ पुष्कळ झालं. १२० हर्ट्झचा खरा उपयोग नवा गेमिंग कन्सोल जोडणाऱ्याला. घरात तो नसेल तर तो पैसा खिशातच राहू द्या.

आणि "अँड्रॉइड" ह्या शब्दापाशी मात्र थांबा. स्वस्त, अनोळखी नावाच्या टीव्हीत अनेकदा गूगलचं प्रमाणपत्र नसलेला मोकळा अँड्रॉइड घातलेला असतो. त्यात नेटफ्लिक्ससारखी अॅप नीट चालत नाहीत, अपडेट येत नाहीत आणि वर्षभरात टीव्ही रखडायला लागतो. सोनीच्या टीव्हीत गूगल टीव्ही असतं, एलजीत वेबओएस, सॅमसंगमध्ये टायझेन. बाकी कंपन्यांपैकी बहुतेकांत गूगल टीव्ही किंवा फायर टीव्ही येतं. ह्यांपैकी कुठलीही प्रणाली चालेल. दुकानात स्वतः रिमोट हातात घ्या, तुम्ही रोज वापरता ते अॅप उघडा आणि किती वेळ लागतो ते बघा. रखडणारा टीव्ही कितीही स्वस्त मिळाला तरी पुढे त्याला अॅप चालवणारी वेगळी स्टिक लावावी लागते, म्हणजे आणखी खर्च.

मागे किंवा बाजूला एचडीएमआयची भोकं मोजायला विसरू नका. सेट-टॉप बॉक्स, साउंडबार आणि उद्याचं आणखी एखादं यंत्र धरून तीन हवीतच.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: पूर्ण मॉडेल नंबर

ह्या पायरीवर जरा जास्त वेळ घालवा, कारण मी स्वतः इथेच एकदा पैसे गमावले आहेत.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी घरासाठी ५० इंची टीव्ही बघून ठेवला होता. ऑनलाइन किंमत लिहून घेतली. उपनगरातल्या एका दुकानात तोच टीव्ही अडीच हजारांनी कमी मिळाला. कंपनी तीच, माप तेच, मॉडेल नंबरचे पहिले सहा अंक-अक्षरं तीच. मी खूश होऊन पैसे भरले. घरी आल्यावर ब्लूटूथ सापडेना. एचडीएमआय तीनऐवजी दोन. शेवटची दोन अक्षरं वेगळी होती, म्हणजे तो खालच्या पायरीचा मॉडेल होता. दुकानदार म्हणाला, बिलावर जे लिहिलंय तेच दिलंय. त्याचं म्हणणं बिलापुरतं खरं होतं. मी बिल वाचलं नव्हतं.

कंपन्या एकाच मापाचे, दिसायला जुळे असे कितीतरी मॉडेल काढतात. काही फक्त ऑनलाइनसाठी, काही फक्त मोठ्या दुकानांच्या साखळीसाठी. त्यामुळे "अमुक कंपनीचा ५५ इंची" अशी तुलना करणं म्हणजे नुसतं "मोठं भांडं" म्हणून टोप आणि कढईचा भाव लावणं. कागदावर दोन किंवा तीनच मॉडेल लिहा, शेवटच्या अक्षरापर्यंत. प्रत्येकासमोर तीन-चार ठिकाणची किंमत लिहा. आठवडाभर रोज एकदा बघा. आठवड्यात खाली-वर होणाऱ्या किमती पाहिल्या की खरा भाव कुठे आहे हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं, आणि "आजच घ्या, उद्या वाढेल" ह्या वाक्याचं दडपण येत नाही.

एमआरपीवर किती टक्के सूट आहे ह्याकडे अजिबात बघू नका. एमआरपी ही फक्त कमाल मर्यादा असते, टीव्ही त्या किमतीला क्वचितच विकला जातो. "साठ टक्के सूट" आणि "पंचवीस टक्के सूट" ह्यांत दुसरा टीव्ही स्वस्त असू शकतो.

जुन्या किमतीशी तुलना करताना कराची गोष्टही लक्षात ठेवा. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी आधीपासून १८ टक्के होता. त्याहून मोठ्यांवर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. करापूर्वीची किंमत ३०,००० असेल तर आधी ३८,४०० पडायचे, आता ३५,४००. म्हणजे त्या आधीच्या एखाद्या बिलाशी तुलना करून दुकानदार "बघा, तीन हजार कमी केले" म्हणाला तर ते त्याने केलेले नाहीत.

पाचवं: कधी घ्यायचा

आपल्याकडे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा आणि दिवाळी पाडव्याला घरात वस्तू आणायची पद्धत आहे. त्या दिवसांत ऑफर असतात, बँकांची सूटही असते, पण दुकानात पाय ठेवायला जागा नसते. सेल्समनला तुमच्याशी भाव करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. माझा सल्ला असा: भाव आधी ठरवा, पैसे आधी भरा आणि टीव्ही घरी मुहूर्ताच्या दिवशी मागवा. बहुतेक दुकानं सांगितलेल्या दिवशी डिलिव्हरी देतात.

पितृपक्षात बरीच घरं नवी खरेदी टाळतात. ज्यांना त्याचं काही वाटत नाही त्यांनी त्या पंधरवड्यात दुकानात चक्कर मारावी. गिऱ्हाईक कमी असतं, मॅनेजर स्वतः बोलायला येतो. तसंच आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, आणि महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कारण विक्रीचं टार्गेट महिन्याला मोजतात.

ऑनलाइन मोठे सेल जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आधी आणि सर्वांत मोठा नवरात्र-दिवाळीच्या काळात लागतो. ह्यांखेरीज एक काळ फारसं कुणी लक्षात ठेवत नाही. कंपन्यांचे त्या वर्षाचे नवे मॉडेल साधारण मार्च ते जून ह्या काळात बाजारात यायला लागतात. तेव्हा गेल्या वर्षीचे मॉडेल दुकानदाराला काढून टाकायचे असतात. एका वर्षात टीव्हीत फार काही बदलत नाही, म्हणून मागच्या वर्षीचा वरच्या पायरीचा मॉडेल हा माझा नेहमीचा सल्ला असतो. फक्त खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचा. दोन-अडीच वर्षं गोदामात पडलेला माल असेल तर तो भाव आणखी खाली यायला हवा, नाहीतर सोडून द्या.

सहावं: मुंबईत कुठे

मोठ्या साखळ्यांची दुकानं सगळीकडे आहेत. विजय सेल्स १९६७ मध्ये मुंबईतच सुरू झालं, क्रोमाचं पहिलं दुकान २००६ मध्ये जुहूला उघडलं, शिवाय रिलायन्स डिजिटल, कोहिनूर आहेतच. इथे टीव्ही चालू असलेले दिसतात, बिल पक्कं मिळतं, तक्रार कुठे करायची हे माहीत असतं. पाटीवरचा भाव हा शेवटचा भाव नसतो हे मात्र ध्यानात ठेवा. साखळीतही मॅनेजरला काही रक्कम कमी करायचा अधिकार असतो.

दादर, मुलुंड, बोरिवली, ठाणे, डोंबिवली अशा स्टेशनांच्या आसपास पिढीजात दुकानं आहेत. तिथे वडील काउंटरवर आणि मुलगा गोदामात. अशा दुकानाचा फायदा उद्या दिसतो, टीव्ही बिघडला की तो कंपनीच्या माणसाला स्वतः फोन लावतो. तिथे भाव मोकळेपणाने करता येतो. घराजवळचं असं दुकान पाचशे रुपयांनी महाग असलं तरी मी तिथून घेईन.

लॅमिंग्टन रोड, म्हणजे ग्रँट रोड स्टेशनजवळचा डॉ. भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. नव्या टीव्हीपेक्षा टीव्हीच्या आजूबाजूच्या वस्तूंसाठी मी तिथे जातो. भिंतीचा स्टँड, एचडीएमआय केबल, रिमोट, स्पाइक गार्ड (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड) शोरूमपेक्षा बरेच स्वस्त मिळतात. एचडीएमआयची महागडी केबल घेऊन चित्र सुधारत नाही. केबल चांगल्या स्थितीत असली आणि तुमच्या ठिपक्यांच्या संख्येला पुरेशी असली की झालं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, शनिवारी दुपारी जा. तिथे अनोळखी नावाचे, जोडणी करून विकलेले मोठे टीव्ही अर्ध्या किमतीत दिसतील. त्यांच्या मागे बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचा, नोंदणी क्रमांक आहे का बघा. तो "आर" अक्षराने सुरू होतो आणि बीआयएस केअर ह्या सरकारी अॅपवर टाकून खरा की खोटा ते तिथल्या तिथे तपासता येतो. क्रमांक जुळला नाही तर पुढे जा.

ऑनलाइन घेताना कंपनीच्या नावाखाली विक्रेता कोण आहे ते वाचा. टीव्हीला पैसे परत सहसा मिळत नाहीत, बदलून मिळतो, तोही ठरावीक दिवसांतच, ती मुदत आधी बघून ठेवा.

सातवं: दुकानात काय बोलायचं

एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. साखळीच्या दुकानात तुम्हाला टीव्ही दाखवणारा माणूस बऱ्याचदा दुकानाचा नसतोच, एखाद्या कंपनीने ठेवलेला प्रमोटर असतो. तो वाईट माणूस नसतो, पण त्याची कमाई त्याच कंपनीच्या विक्रीवर असते. त्याला विचारा, "दादा, तुम्ही कुठल्या कंपनीचे?" तो सांगतो. मग त्याच्या कंपनीची माहिती त्याच्याकडून घ्या, बाकीच्यांची दुसऱ्याकडून.

दुकानातले टीव्ही भडक रंगांच्या शोरूम मोडवर लावलेले असतात आणि वर पांढरे दिवे. रिमोट मागून चित्र "स्टँडर्ड" किंवा "सिनेमा"वर आणायला सांगा. पेनड्राइव्हवर घरून तीन तुकडे न्या: क्रिकेटच्या सामन्याचा एक, अंधाऱ्या प्रसंगाचा एक आणि पूर्ण राखाडी पडद्याचा एक. राखाडी पडद्यावर डाग, कोपऱ्यातले उजेडाचे चट्टे लगेच दिसतात. आवाजही ऐका. आजचे टीव्ही इतके बारीक झालेत की संवाद नीट ऐकू येत नाहीत, आणि मग चार-पाच हजारांचा साउंडबार घ्यावा लागतो. ते बजेटमध्ये आधीच धरा.

भावाची बोलणी ह्या क्रमाने करा. आधी कार्ड, एक्स्चेंज काही न सांगता विचारा, "नुसता ह्याचा फायनल किती?" आकडा आला की तुमच्या कागदावरचा दुसऱ्या ठिकाणचा आकडा शांतपणे दाखवा: "हाच नंबर तिथे इतक्याला आहे, मला तुमच्याकडून घ्यायला आवडेल, किती कराल?" तो ठरल्यावरच कार्डाची सूट काढा. त्यानंतर जुन्या टीव्हीचे किती. सगळं एकदम सांगितलं की एका खिशातून कमी करून दुसऱ्यातून भरून काढलं जातं आणि कळत नाही. रक्कम हलेनाशी झाली की वस्तू मागा: भिंतीचा स्टँड, फिटिंग, स्पाइक गार्ड, वाढीव वॉरंटीचं एक वर्ष. मॅनेजरला रोख सूट देता येत नसली तरी हे देता येतं. आणि खरंच पटलं नाही तर "विचार करून सांगतो" म्हणून बाहेर पडा. त्यात कुणाचाही अपमान नाही.

"बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. बिल नाही तर वॉरंटी नाही आणि तक्रारही नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल थोडं. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकान किंवा कंपनी आधीच सूट म्हणून वजा करते. पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्यावर येते. शिवाय काही वेळा एकरकमी भरणाऱ्याला मिळणारी रोख सूट ईएमआयवाल्याला मिळत नाही. म्हणून विचारायचं एकच: "आज सगळे दिले तर किती, आणि हप्त्याने सगळं मिळून किती?" दोन्ही आकडे कागदावर घ्या. फरक पाच-सातशेचा असेल आणि हातात पैसे नसतील तर हप्ता वाईट नाही.

वाढीव वॉरंटी घ्यायची तर ती पॅनेलला लागू आहे का आणि दुरुस्ती कंपनीचा माणूस करणार की तिसराच कुणी, हे दोन प्रश्न विचारा. टीव्हीत खरा खर्च पॅनेलचा, ते बदलायचं तर टीव्हीच्या किमतीच्या जवळपास जातं. पॅनेल वगळलेली वॉरंटी फुकट मिळाली तरच घ्यावी. पडून, आदळून फुटलेलं पॅनेल कुठलीच साधी वॉरंटी भरून देत नाही.

विजेचं लेबलही वाचा. बीईईच्या, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, तारांकित लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, तुमचा पुरवठा कुणाचा आणि स्लॅब कुठला त्यावर दर ठरतो. समजा दहा रुपये युनिट धरलं आणि दोन टीव्हींत वर्षाला साठ युनिटांचा फरक असला, तर सहाशे रुपये झाले. टीव्ही सात वर्षं चालवाल तर बेचाळीसशे. दोन हजारांनी स्वस्त टीव्ही असा महाग पडू शकतो.

डिस्प्ले पीस घ्यावा का

घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. दुकानातला टीव्ही दिवसाला दहा-बारा तास पूर्ण चमकेवर चालतो. वर्षभरात साडेतीन हजार तास सहज होतात. घरात रोज चार तास बघणाऱ्याला तेवढं व्हायला अडीच वर्षं लागतील. तेव्हा पाच टक्के सूट देऊन तो कुणी देत असेल तर काहीच मिळालं नाही. नव्याच्या शेवटच्या भावापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी, वॉरंटी बिलाच्या तारखेपासून पूर्ण, आणि रिमोट, पाय, स्क्रू सगळं सोबत, असं असेल तर एलईडी घ्या. ओएलईडीचा डिस्प्ले पीस कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. जुना, कुणाच्या घरातला टीव्ही घ्यायचा तर बिल आणि अनुक्रमांक जुळतो का बघा, आणि तो अर्धा तास चालवूनच पैसे द्या.

टीव्ही घरी आल्यावर

खोका आल्यावर चारही बाजूंचे फोटो काढा. कोपरा दबलेला असेल तर सही करण्याआधी पावतीवर तसं लिहा. काही ऑनलाइन विक्रेते दारात खोका उघडून दाखवायची सोय देतात, ती निवडा. स्वतः उघडणार असाल तर सलग व्हिडिओ करा आणि त्यात अनुक्रमांक दिसू द्या. काही कंपन्यांचा माणूस येण्याआधी खोका उघडला तर ते तक्रार घेताना अडून बसतात, म्हणून आधी फोन करून विचारा.

फिटिंगवाला असतानाच पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा पडदा लावून बघा. मेलेले ठिपके एखाद-दोन असले तर कंपन्या ते चालण्याजोगं मानतात, पण तो माणूस समोर असताना दाखवलं आणि त्याच्या कागदावर नोंद झाली तर बदलून मिळायची शक्यता वाढते. भिंतीच्या स्टँडचे आणि फिटिंगचे पैसे बिलात आले असतील तर त्याला पुन्हा देऊ नका. तो वॉरंटी कार्ड भरून गेला का, तेही तपासा.

मुंबई शहरात वीज बऱ्यापैकी स्थिर असते. टीव्हीच्या मागे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वेगळा स्टॅबिलायझर घेऊ नका, चांगला स्पाइक गार्ड पुरे. विजा कडाडत असताना टीव्हीबरोबर केबलची किंवा डिशची वायरही काढून ठेवा, कारण धक्का तिच्यातूनही येतो.

सेटिंगमध्ये जाऊन चमक थोडी कमी करा. मागच्या दिव्यांचं आयुष्य वाढतं आणि रात्री डोळ्यांनाही बरं.

काही बिघडलं आणि दुकान-कंपनी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथून अनेकदा पंधरा-वीस दिवसांत कंपनीचा फोन येतो. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावायलाच हवा असं नाही.

ह्या सगळ्याला बिल लागतं. दुकानाचं बिल बऱ्याचदा थर्मल कागदावर छापलेलं असतं आणि आपल्या दमट हवेत वर्षभरात त्यावरची अक्षरं उडतात. घरी आल्या आल्या बिलाचा आणि टीव्हीच्या मागच्या अनुक्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करा. टीव्ही भिंतीला लागला की ती पट्टी दिसत नाही, म्हणून हे फिटिंगच्या आधी.